नोव्हेंबरचे गोल

अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या आइस हॉकीचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधी प्रत्येक साखळीतले प्रशिक्षक मतं देतात आणि यंदा कोणता संघ कितवा येईल याची यादी जाहीर होते. मत देताना ते काय बघतात? गेल्या वर्षी कोण कितवं आलं, अनुभवी खेळाडूंपैकी कितीजणी परत येताहेत, गोलसमोर कोण उभी राहणार, नवी भरती कशी आहे. सगळा हिशेब मागच्या वर्षाच्या कागदांवरून मांडलेला असतो. २०२१ च्या शरद ऋतूत न्यू हेवनच्या येल विद्यापीठातल्या मुलींबद्दल असा हिशेब मांडायचा, तर मागच्या वर्षाचा कागद कोरा होता. त्यांनी त्या वर्षी एकही सामना खेळलेला नव्हता.

हिवाळी खेळ होणार नाहीत, असं येल ज्यात आहे त्या आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी १२ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर केलं होतं. कोविडची साथ पुन्हा वाढत होती. येल ज्या ईसीएसी नावाच्या साखळीत खेळतं, तिच्यात बारा संघ आहेत. त्यांतले आयव्हीचे सहा थांबले, आणखी दोन थांबले आणि त्या हिवाळ्यात चारच संघ बर्फावर उतरले: कोलगेट, क्लार्कसन, सेंट लॉरेन्स आणि क्विनिपिॲक. कॉलेजच्या खेळाडूला मुळात चार हंगाम मिळतात. त्यातला एक असा हातचा गेला. आयव्हीतल्या अनेक खेळाडूंनी तेव्हा शिक्षणातून वर्षभराची रजा घेतली, नाव तात्पुरतं काढून घेतलं आणि घरी बसून वाट पाहिली. ज्यांनी रजा घेतली नाही त्या खोलीत बसून ऑनलाइन तास करत राहिल्या. दीड वर्षाहून जास्त काळ या संघाने सामन्याची शिटी ऐकली नाही.

आणि मग हाच संघ २०२१-२२ मध्ये ३६ सामने खेळला, त्यांतले २६ जिंकला, आपल्या इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि त्याच खेपेला देशातल्या शेवटच्या चारांत गेला. हे कसं घडलं ते मला मराठी वाचकांना नीट सांगायचं आहे, कारण बायकांच्या खेळाकडे आपण फार उशिरा बघायला लागतो. उपांत्य फेरी आली की बातमी येते. तोवर निम्म्याहून अधिक गोष्ट होऊन गेलेली असते.

मी मूळची मिरजेची. न्यू हेवनमध्ये एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करते. या संघाशी माझी ओळख झाली ती रक्तामुळेच.

मॅन्डी श्वार्ट्झ नावाची मुलगी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या विलकॉक्स या छोट्या गावातून येलला शिकायला आली होती. ती सेंटरला खेळायची. सलग ७३ सामन्यांत तिने एकदाही दांडी मारली नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये तिला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक वेगाने वाढणारा कर्करोग, झाल्याचं निदान झालं. अशा रुग्णाला बऱ्याचदा दुसऱ्या माणसाच्या निरोगी मूळपेशी द्याव्या लागतात आणि त्या जुळाव्या लागतात. रक्तगट जुळवण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड. पेशींवरच्या खुणा आईवडिलांकडून येतात, त्यामुळे घरात जुळणी नसेल तर ती बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडते. मॅन्डीच्या घराण्यात जर्मन, नॉर्वेजियन, रशियन, युक्रेनियन अशी मिसळ होती. पूर्ण जुळणारा दाता मिळाला नाही. शेवटी २०१० मध्ये सिॲटलला नाळेच्या रक्तातल्या पेशी देऊन प्रत्यारोपण झालं. आजार उलटला आणि ३ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती गेली. तिचा धाकटा भाऊ जेडन पुढे एनएचएल या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये मोठा खेळाडू झाला. तिचा १७ हा आकडा त्याने आपल्या पाठीवर घेतला.

तिच्या आजारपणातच येलच्या आवारात दात्यांच्या नोंदणीचं शिबिर सुरू झालं आणि ती गेल्यावरही ते चालू राहिलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, झालं. टेबलामागे हॉकीच्या आणि फुटबॉलच्या संघांतली मुलंमुली बसलेली असतात. या शिबिरांतून हजारो नावं नोंदली गेली आणि कितीतरी रुग्णांना दाते मिळाले. भारतीय वंशाच्या रुग्णाला जुळणारा दाता मिळणं आजही जड जातं, कारण नोंदणीत आपली माणसं थोडी. म्हणून आमच्या मराठी मंडळातल्या तरुण पोरांना मी तिथे घेऊन जाते. अशाच एका शिबिरात टेबलापलीकडच्या मुलीने मला विचारलं, “तुम्ही आमचा सामना बघायला का येत नाही?” मी गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे.

दर हंगामात एक सामना मॅन्डीच्या नावाने होतो. त्या दिवशी प्रेक्षक पांढरे कपडे घालून येतात आणि जमलेले पैसे तिच्या नावाच्या निधीला जातात. २०२१-२२ च्या संघातल्या सगळ्यात लहान मुली मॅन्डी गेली तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. तिला पाहिलेली एकही खेळाडू आता संघात नाही. तरी ड्रेसिंग रूममध्ये तिचं नाव घेतलं जातं. राष्ट्रीय क्रमवारीत नाव नसलेल्या संघाला आपण कोणासाठी खेळतो हे इतकं नेमकं ठाऊक असणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

येलचं रिंक बघण्यासारखं आहे. इंगल्स रिंक असं त्याचं नाव. वास्तुकार एरो सारिनेन हा येलचाच माजी विद्यार्थी. १९५८ मध्ये पुरं झालेल्या या इमारतीच्या मधोमध काँक्रीटची एक लांबलचक कमान पाठीच्या कण्यासारखी वर गेली आहे. तिच्यावरून दोन्ही बाजूंना पोलादी तारा सोडल्या आहेत आणि त्या तारांवर लाकडी छप्पर टांगलेलं आहे. गावात सगळे त्याला व्हेल, म्हणजे देवमासा, म्हणतात. आत एकही खांब नाही. साडेतीन हजार माणसं बसू शकतात. पुरुषांच्या मोठ्या सामन्याला ती बसतातही. मुलींच्या नोव्हेंबरमधल्या सामन्याला बाकं निम्म्याहून जास्त रिकामी असतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खेळ समजायला सोपा आहे. बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. एका वेळी प्रत्येक बाजूच्या पाचजणी आणि एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. पक म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. एखादीने नियम मोडला तर तिला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि तिच्या संघाला एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. पुरुषांच्या खेळात अंगावर धावून जाऊन धडक मारायची मुभा असते, ती मुलींना नाही. खांद्याला खांदा लागतो, काठाच्या फळीजवळ रेटारेटी होते, पण जोर राहतो तो स्केटिंगवर आणि पासवर. माझ्या मते त्यामुळेच नवख्या माणसाला मुलींचा सामना जास्त चांगला कळतो. पक कुठून कुठे गेली आणि का गेली, हे डोळ्यांना दिसतं.

खेळाडू बदलण्याची पद्धत मात्र समजावून घ्यावी लागते. रविवारी मी बाबांना मिरजेला फोन करते. ते शाळेत खो-खो शिकवायचे आणि या मुलींबद्दल त्यांना सारखे प्रश्न पडतात. मी सांगितलं, की एक तुकडी बर्फावर चाळीस-पंचेचाळीस सेकंद खेळते, जीव तोडून स्केटिंग करते आणि खेळ चालू असतानाच फळीवरून उडी मारून बाहेर येते. त्याच क्षणी दुसरी आत जाते. पंच थांबवत नाही, कोणी परवानगी मागत नाही.

“म्हणजे खो देतात की गं!” बाबा म्हणाले.

अगदी तेच आहे. आणि खो-खोत बसलेल्या गड्यांची नजर जशी धावणाऱ्यावर खिळलेली असते, तशीच इथे बाकावरच्या मुलींची असते. पुढच्या तिघी फळीवर एक पाय टाकून तयार असतात. बाहेर येणारीने आळस केला, दोन सेकंद उशीर केला, तर समोरच्या संघाला मोकळी वाट मिळते. बदली चुकली आणि गोल खाल्ला, हे या खेळात रोज घडतं. येलच्या बाकावर मला जे जाणवलं ते असं, की कुठलीही तुकडी आत गेली तरी खेळाचा वेग उतरत नव्हता. एल हार्टी, क्लेअर डाल्टन, मागे बचावात एमा साइट्झ ही नावं बातमीत यायची, पण चौथी तुकडी बर्फावर आली की समोरच्यांना श्वास घ्यायला मिळतोय, असं कधी दिसलं नाही.

बाबांचा दुसरा प्रश्न पैशांचा होता. “यांना किती मिळतात?”

“काही नाही, बाबा. इतर मोठ्या विद्यापीठांत खेळाडूंना शिष्यवृत्ती असते. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी म्हणून एक डॉलर देत नाहीत. घरची परिस्थिती बघून मदत मिळते, ती सगळ्याच विद्यार्थ्यांना मिळते तशी.”

“आणि अभ्यास?”

“सगळ्यांइतकाच. शुक्रवारी बसमध्ये चढतात, रात्री एक सामना, शनिवारी दुसऱ्या गावी दुसरा, आणि सोमवारी परीक्षा.”

बाबा थोडं थांबून म्हणाले, “तू त्यांचे सामने बघत जा. आणि मला सांगत जा.”

येलने मुलींना पदवीच्या वर्गात पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९६९ मध्ये. महाविद्यालयांत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, असा टायटल नाइन हा कायदा १९७२ मध्ये आला. कायदा आला म्हणून वागणूक बदलत नाही, हे येलच्या नौकानयनाच्या मुलींनी पुऱ्या देशाला दाखवून दिलं. त्यांचा सराव गावाबाहेर हूसॅटॉनिक नदीवर चालायचा. तिथल्या बोटहाउसमध्ये पुरुषांसाठी न्हाणीघर होतं, मुलींसाठी नव्हतं. पुरुष खेळाडू गरम पाण्याने आंघोळ करून येईपर्यंत या मुली ऐन थंडीत ओल्या कपड्यांनी बसमध्ये बसून राहायच्या. ३ मार्च १९७६ रोजी कर्णधार क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी अशा १९ जणी मुलींच्या खेळांच्या संचालक बाईंच्या कचेरीत गेल्या. त्यांनी सदरे उतरवले. त्यांच्या उघड्या पाठींवर आणि छातींवर निळ्या शाईत टायटल नाइन असं लिहिलेलं होतं. अर्न्स्टने निवेदन वाचून दाखवलं. वृत्तपत्रांत बातमी आली आणि मुलींच्या न्हाणीघराची सोय झाली. मुलींची हॉकी येलमध्ये अधिकृत खेळ झाली ती याच दशकाच्या उत्तरार्धात. मुलींच्या आइस हॉकीची, एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेची, राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला मात्र २००१ साल उजाडलं. पुरुषांची १९४८ पासून चालू होती.

त्या राष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास पाहिला म्हणजे न्यू हेवनच्या संघाकडून कोणी आशा का धरत नव्हतं ते लक्षात येतं. पहिली तेरा वर्षं विजेतेपद तीनच विद्यापीठांत फिरत राहिलं: मिनेसोटा-डुलूथ पाच वेळा, मिनेसोटा चार, विस्कॉन्सिन चार. तिन्ही मध्य-पश्चिमेतली, डब्ल्यूसीएचए या एकाच साखळीतली. ही मोठाली सरकारी विद्यापीठं. शिष्यवृत्त्या, रिंक, प्रशिक्षकांचा ताफा, सगळं जोरात. २०१२-१३ मध्ये मिनेसोटाच्या मुलींनी ४१ सामने खेळले आणि ४१ जिंकले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तर टोकाच्या पॉट्सडॅम या लहानशा गावातल्या क्लार्कसनने अंतिम सामन्यात त्याच मिनेसोटाला ५-४ असं हरवलं, तेव्हा पहिल्यांदा चषक त्या साखळीबाहेर गेला. क्लार्कसनने २०१७ आणि २०१८ मध्ये तो पुन्हा जिंकला. २०२५ पर्यंत डब्ल्यूसीएचए सोडून दुसऱ्या साखळीतलं विजेतं एकच, क्लार्कसन. येल तर २०२२ आधी या स्पर्धेत एकदाही दिसलेलं नव्हतं.

प्रशिक्षक मार्क बोल्डिंग हेसुद्धा मोठ्या विद्यापीठातून आलेले नव्हते. व्हरमाँटमधल्या नॉर्विच या लष्करी शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजात त्यांनी मुलींचा संघ घडवला होता आणि २०११ व २०१८ मध्ये त्याला तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. तिसऱ्या श्रेणीत शिष्यवृत्ती नसते. तुमच्याकडे शिकायला आलेल्या मुलींतूनच संघ उभा करावा लागतो. २०१९ मध्ये ते येलला आले, एक हंगाम खेळवला, पुढचा साथीत वाहून गेला. म्हणजे २०२१-२२ हा त्यांचा बर्फावरचा दुसराच हंगाम.

आयव्हीच्या नियमांमुळे येलचे सामने इतरांपेक्षा उशिरा सुरू होतात. बाकीच्यांचे आठ-दहा सामने होऊन गेले, क्रमवारीच्या याद्या लागल्या, की ऑक्टोबरच्या शेवटी ही मंडळी मैदानात येतात. सामनेही कमी. बाद फेऱ्यांचे सामने सोडून इतर विद्यापीठांना ३४ खेळता येतात, आयव्हीला २९. चूक सुधारायला वेळच नसतो. दीड वर्ष सामना न खेळलेला संघ, समोर साथीतही खेळत राहिलेल्या कोलगेट आणि क्विनिपिॲकसारख्या संघांतल्या तयार खेळाडू, आणि एकदा घसरलं तर सावरायला मोकळे शनिवार-रविवार नाहीत. माझी कसोटी त्यामुळे नोव्हेंबर हीच होती. आणि नोव्हेंबरमध्येच हा संघ नीट उभा राहिलेला दिसला.

त्याचं मोठं कारण गोलसमोर होतं. गिआना मेलोनी. गोलरक्षकाकडे बघायचं तर सामना सुरू व्हायच्या आधी बघावं. मशीन बर्फावरून गरम पाण्याचा पातळ थर फिरवून जातं, बर्फ काचेसारखा होतो, आणि गोलरक्षक आपल्या जाळीपुढच्या निळ्या अर्धवर्तुळात येते. स्केट आडवे धरून ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बर्फ खरवडते. पांढरा चुरा निघतो, तो ती स्टिकने बाजूला सारते. गुळगुळीत बर्फावर तिचा पाय हवा त्याहून जास्त घसरेल, म्हणून ही तयारी. मग एका खांबाला स्टिक लावून बघते, दुसऱ्या खांबाला ग्लव्ह लावून बघते. खेळात मागे वळून जाळी बघायला वेळ नसतो. खांब कुठे आहे हे पाठीला कळावं लागतं. पुढची साठ मिनिटं ती तिथून हलत नाही. तिला बहुधा बदलीही नाही.

तिच्या कामाचा हिशेब साधा आहे. समजा सामन्यात समोरून २५ फटके आले. शंभरात ९० अडवणारी गोलरक्षक सरासरी अडीच गोल खाईल. शंभरात ९३ अडवणारी पावणेदोन. सामन्यामागे पाऊण गोलाचा फरक. आइस हॉकीत पुष्कळ सामने एक-दोन गोलांनी सुटतात, तेव्हा हा पाऊण गोल पुऱ्या हंगामात कितीतरी हरलेले सामने जिंकून देतो. आणि हंगामापूर्वीच्या यादीत नेमकी हीच गोष्ट पकडता येत नाही. दीड वर्ष सामन्यात न उभी राहिलेली मुलगी पहिल्या महिन्यात शंभरात किती अडवेल, हे कोण सांगणार?

आता ऑक्टोबर-नोव्हेंबरला इतकं वजन का, ते सांगते. राष्ट्रीय स्पर्धेत कोण जाणार हे ठरवताना साखळ्यांच्या विजेत्यांना थेट जागा असते. उरलेल्या जागा आकडेमोडीने भरतात. तुम्ही किती जिंकलात, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती जिंकले, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती, असा तो हिशेब तेव्हा चालायचा. त्यात सामन्याची तारीख कुठेच नव्हती. फेब्रुवारीतला विजय आणि नोव्हेंबरमधला विजय एकाच भावाने मोजला जायचा. ‘आधी जुळून येऊ दे, मग बघू’ म्हणणारा संघ मार्चमध्ये घरी बसतो.

त्या वर्षी आणखी एक बदल झाला. पुरुषांच्या स्पर्धेत १६ संघ खेळायचे, मुलींच्या ८. २०२१ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक मांडणी दिल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, त्यातून एनसीएएला समानतेची चौकशी नेमावी लागली, आणि त्या पार्श्वभूमीवर २०२२ पासून मुलींच्या हॉकीत ११ संघ घ्यायचं ठरलं. सहा संघ पहिली फेरी खेळणार, पाच थेट उपांत्यपूर्व फेरीत. येल त्या पाचांत होतं. वाढीव जागेची त्यांना गरज लागली नाही.

उपांत्यपूर्व सामना पडला कोलगेटशी, कोलगेटच्या घरी, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टनला. आठवडाभरापूर्वी याच कोलगेटने ईसीएसीच्या अंतिम सामन्यात येलला हरवलं होतं. १२ मार्चला दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. मी तो सामना फोनवर पाहिला. निर्धारित वेळेत १-१. बाद फेरीत जादा वेळ म्हणजे पूर्ण पाच-पाच खेळाडू घेऊन वीस मिनिटं, आणि पहिला गोल होताच सामना संपतो. अशा वेळी घाबरलेला संघ कळतो. तो पक नुसती लांब भिरकावून देतो, कारण ती कोणाला स्वतःजवळ नको असते. येलच्या मुली पक धरून ठेवत होत्या, मागे फिरून पुन्हा रचना करत होत्या, बदली वेळेवर करत होत्या. त्यांनी २-१ असा सामना जिंकला. मी ओरडले ते शेजारच्या घरात ऐकू गेलं.

१८ मार्चला पेनसिल्व्हेनियात पेगुला रिंकवर उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटने त्यांना २-१ असं हरवलं. एका गोलाचा फरक. दोन दिवसांनी ओहायो स्टेटने मिनेसोटा-डुलूथला ३-२ हरवून आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक: उपांत्यपूर्व फेरीत याच ओहायो स्टेटला आमच्या शेजारच्या हॅम्डन गावातल्या क्विनिपिॲकने दोन जादा वेळांपर्यंत झुंजवलं होतं, तेव्हा कुठे ते ४-३ असं सुटलं. त्या वर्षीच्या विजेत्यांना बाद फेरीत जे तिघे भेटले, त्यांतले दोन संघ आमच्याच भागातले होते आणि दोघांनीही त्यांना एका गोलाच्या पुढे जाऊ दिलं नाही.

हे एका वर्षाचं नशीब होतं का? पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, येल ईसीएसीच्या साखळीत पहिलं आलं. राष्ट्रीय उपांत्यपूर्व सामना त्यांना घरच्या रिंकवर मिळाला. तिथे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नने त्यांना हरवलं. तो पराभव मला अजून सलतो. पण एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत न गेलेला संघ दोन वर्षांत अपेक्षांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा होता. आता जिंकणं त्यांच्याकडून धरून चालत होते आणि हरणं ही बातमी झाली होती. क्लेअर डाल्टन पुढे मॉन्ट्रियलकडून पीडब्ल्यूएचएल या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायला लागली. ती लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. मॅन्डी श्वार्ट्झच्या पिढीतल्या मुलींना कॉलेज संपल्यावर असे पर्याय फारच थोडे होते.

बाबांना मी हे सगळं सांगत आले. मध्यंतरी त्यांनी मला लडाखच्या मुलींबद्दल विचारलं. भारताचा महिला आइस हॉकी संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला. बहुतेकजणी लडाखी. त्यांच्या सुरुवातीच्या सामन्यांचा निकाल मिरजेत किंवा न्यू हेवनमध्ये किती जणांनी शोधून वाचला असेल?

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. पुष्कळ जण अशा विद्यापीठांत असतात जिथे मुलींचा हॉकीचा संघ आहे, रिंक होस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि थंडीत शुक्रवारी रात्री दुसरं काही करण्यासारखं नसतं. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे: संघ उपांत्य फेरीत पोचायची वाट बघू नका. नोव्हेंबरमध्ये जा, जाळीमागच्या बाकावर बसा आणि गोलरक्षकाकडे बघा. घरात लहान मुलगी असेल तर तिला बरोबर न्या. आणि वसंतात त्याच आवारात नोंदणीचं टेबल दिसलं आणि तुम्ही अठराच्या पुढचे, तरुण, निरोगी असाल, तर थांबून गालाच्या आतून काडी फिरवून घ्या. पाच मिनिटं लागतात.